सॉफ्टवेअरचा पुनर्वापर

संगणकासाठी आज्ञावली तयार करताना पूर्वी लिहिलेल्या व वापरात असलेल्या आज्ञावल्यांचा, त्यांच्या भागांचा किंवा त्यांमागील रचनेचा नव्या कामासाठी उपयोग करणे, याला सॉफ्टवेअरचा पुनर्वापर म्हणतात. याउलट समस्येचे मुळापासून विश्लेषण करून तिच्यासाठी नवी आज्ञावली लिहिणे ही स्वतंत्र रचना होय. प्रत्यक्षात कोणतीही आज्ञावली या दोहोंपैकी एकाच प्रकारची नसते. सर्वस्वी स्वतंत्र वाटणारी आज्ञावलीही दुसऱ्या कोणी तरी लिहिलेल्या कार्यप्रणालीच्या आधारे चालते आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा संकलकही बहुधा दुसऱ्यानेच तयार केलेला असतो. उलट, केवळ तयार भाग जोडून उभारलेल्या प्रणालीतही ते भाग कोणत्या क्रमाने व कोणत्या अटींवर जोडावयाचे, हे नव्याने ठरवावे लागते. म्हणून पुनर्वापर करावा की नाही, यापेक्षा तो कोठे करावा, कोठे टाळावा आणि करताना काय तपासावे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

पुनर्वापराच्या पातळ्या : पुनर्वापर अनेक पातळ्यांवर होतो. (१) तयार आज्ञावली जशीच्या तशी वापरणे. यात तिच्या अंतर्गत रचनेकडे न पाहता तिला काय द्यावयाचे व तिच्याकडून काय मिळते, एवढेच पाहिले जाते. (२) तयार आज्ञावलीत आपल्या गरजेनुसार फेरफार करून ती वापरणे. (३) आज्ञावली नव्याने लिहून तिच्यामागील रीती किंवा रचना मात्र पूर्वीचीच घेणे, उदा., क्रमवारी लावण्याच्या सुप्रसिद्ध रीती. (४) सर्वांनी मान्य केलेले मानक स्वीकारणे, उदा., अक्षरांसाठी ठरविलेले सांकेतिक क्रमांक. यांपैकी दुसरा प्रकार सर्वांत सोपा वाटत असला, तरी तो सर्वांत धोक्याचा असतो; कारण फेरफार करणाऱ्याला मूळ रचनेमागील सर्व कारणे ठाऊक असतातच असे नाही.

इतिहास : पुनर्वापराची कल्पना संगणकाच्या प्रारंभापासूनची आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये कार्यान्वित झाला. वर्गमूळ काढणे, त्रिकोणमितीय फलनांची मूल्ये काढणे, उत्तरे छापणे यांसारखी कामे जवळजवळ प्रत्येक गणितात पुनःपुन्हा करावी लागतात, हे तेथील संशोधकांच्या लवकरच लक्षात आले. अशा प्रत्येक कामासाठी एक उपआज्ञावली लिहून ती छिद्रित कागदी फितीवर नोंदविण्यात आली व अशा फितींचा संग्रह पोलादी कपाटात ठेवण्यात आला. १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ उपआज्ञावल्या होत्या. उपआज्ञावलीचे काम संपल्यावर मुख्य आज्ञावलीत नेमक्या ठिकाणी परत येण्याची युक्ती डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) यांनी शोधून काढली. या युक्तीमुळे एकच उपआज्ञावली अनेक ठिकाणांहून वापरणे शक्य झाले. विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संग्रहाचे सविस्तर वर्णन आहे.

१९५५ मध्ये आयबीएमचे संगणक वापरणाऱ्या संस्थांनी ‘शेअर’ हा संघ स्थापन केला व आपापल्या आज्ञावल्यांची देवाणघेवाण सुरू केली. १९५७ मध्ये फोर्ट्रान ही भाषा उपलब्ध झाल्यावर गणिती उपआज्ञावल्या एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे पुष्कळ सुकर झाले. ऑक्टोबर १९६८ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवर एक परिषद भरली होती. मोठ्या प्रणाली वेळेवर व निर्दोष तयार होत नाहीत, ही तेथील चर्चेमागील मुख्य चिंता होती. या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी यंत्रांच्या सुट्या भागांप्रमाणे सॉफ्टवेअरचेही घटक मोठ्या प्रमाणावर तयार व्हावेत आणि अचूकता, वेग व आकारमान यांनुसार त्यांची सूचीतून निवड करता यावी, अशी कल्पना मांडली. पुढे १९७३ मध्ये यूनिक्स या कार्यप्रणालीत एका आज्ञावलीचे प्रदान थेट दुसरीला आदान म्हणून देण्याची सोय झाली. तीही मॅकिलरॉय यांच्याच आग्रहातून. त्यामुळे एकेकच काम नीट करणाऱ्या लहान आज्ञावल्या जोडून मोठी कामे करता येऊ लागली.

रैखिक बीजगणितातील मूलभूत क्रियांचा बीएलएएस हा संग्रह १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे तयार झालेल्या लॅपॅक (१९९२) यासारख्या संग्रहांवर आजही वैज्ञानिक आकडेमोडीचा फार मोठा भाग अवलंबून आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेला जीएनयू प्रकल्प आणि १९९१ मध्ये सुरू झालेली लिनक्स प्रणाली यांमुळे मूळ आज्ञा सर्वांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरचा प्रसार झाला. आंतरजालामुळे हे घटक क्षणात मिळू लागले. मॅकिलरॉय यांची सूची वेगळ्या रूपात का होईना, प्रत्यक्षात आली.

लाभ : पुनर्वापरामुळे श्रम व वेळ वाचतो हे उघड आहे, परंतु त्याचा अधिक मोठा लाभ म्हणजे दोष सापडण्याची शक्यता वाढते. क्रमवार लावलेल्या यादीत हवी ती नोंद शोधण्याची द्विभाजन रीती याचे चांगले उदाहरण आहे. यादीचा मध्य काढावयाचा, हवी ती नोंद त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे ते पाहावयाचे आणि उरलेल्या अर्ध्या भागात तेच पुन्हा करावयाचे, इतकी ती सोपी आहे. तरीही जावा भाषेच्या अधिकृत संग्रहातील या रीतीच्या आज्ञावलीत एक दोष सुमारे नऊ वर्षे लपून राहिला होता. मध्य काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज केली जात असे. यादी फार मोठी असल्यास ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ या ३२ अंकी द्विमान संख्येच्या मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होत असे. जॉशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये हा दोष जाहीर केला. या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. सोपी वाटणारी आज्ञावलीही निर्दोष लिहिणे कठीण असते. आणि दोष सामाईक संग्रहात असेल, तर एका दुरुस्तीने असंख्य प्रणालींचा दोष दूर होऊ शकतो. ज्यांनी हीच रीती स्वतः त्याच चुकीसह लिहिली असेल, त्यांच्यापर्यंत मात्र ही दुरुस्ती आपोआप पोहोचत नाही. गुप्तलेखनाच्या बाबतीत तर स्वतःची रीती शोधणे सर्वथैव टाळावे, असा संकेतच आहे. कारण तिच्यातील दुबळेपणा रचणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, तो हल्ला करणाऱ्याला दिसतो.

प्रत्येकाने आपापला उपाय योजल्यास काय होते, याचा अनुभव भारतीय भाषांच्या वाचकांनी घेतला आहे. संगणकावर देवनागरी अक्षरजुळणी सुरू झाली, तेव्हा अनेक टंकसंच निर्मात्यांनी अक्षरे व अक्षरांचे तुकडे यांना स्वतःचे क्रमांक दिले. परिणामी एका टंकसंचात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला असता निरर्थक चिन्हे दिसत; शोध, वर्णानुक्रम किंवा मजकुराची देवाणघेवाण यांपैकी काहीच सुरळीत होत नसे. इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे सामाईक मानक १९८८ मध्ये तयार झाले व १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली आहे. आज अक्षरे जोडून जोडाक्षरे दाखविण्याचे काम हार्फबझसारखे खुले संग्रह करतात. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या शब्दांतील रफार व अर्ध्या ‘र’ चे मराठीतील वेगळे रूप हा भेद अशा संग्रहात एकदा नीट हाताळला गेला की, तो संग्रह वापरणाऱ्या सर्व आज्ञावल्यांना त्याचा लाभ होतो.

गृहीतकांचा प्रश्न : प्रत्येक तयार उपाय कोणत्या तरी विशिष्ट परिस्थितीसाठी योजलेला असतो आणि त्या परिस्थितीविषयीची गृहीतके त्यात, बहुधा न लिहिता, अंतर्भूत असतात. परिस्थिती बदलली असता आज्ञावली तशीच राहते. परंतु गृहीतके खोटी ठरतात. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे एरियान ५ या यूरोपीय अग्निबाणाचे ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून झालेले पहिले उड्डाण होय.

या अग्निबाणाची दिशा व गती मोजणाऱ्या यंत्रणेतील सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ या यशस्वी अग्निबाणावरून घेण्यात आले होते. त्यात आडव्या दिशेतील गतीशी संबंधित एका ६४ अंकी द्विमान संख्येचे १६ अंकी पूर्णांकात रूपांतर केले जात असे. अशा पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७ असते. एरियान ४ च्या मार्गावर ही मर्यादा कधीच ओलांडली जाणार नाही, असे विश्लेषणाने ठरवून व संगणकावरील भार आटोक्यात ठेवण्यासाठी त्या ठिकाणी संरक्षण ठेवलेले नव्हते. एरियान ५ चा प्रारंभीचा मार्ग मात्र वेगळा होता आणि त्यात आडवी गती पुष्कळच अधिक होती. प्रज्वलनक्रम सुरू झाल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी मर्यादा ओलांडली गेली. पर्यायी यंत्रणा त्याआधी क्षणभरच बंद पडली होती. तिच्यात तेच सॉफ्टवेअर असल्याने तिलाही तोच दोष भोवला. मुख्य यंत्रणेने बंद पडताना पाठविलेली दोषनिदानाची माहिती उड्डाणाची माहिती समजून मुख्य संगणकाने नोदके पूर्णपणे वळविली. अग्निबाण मार्गापासून ढळला, त्याचे भाग तुटू लागले व स्वयंविनाशाची यंत्रणा कार्यान्वित झाली. त्याच्याबरोबर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही नष्ट झाले.

झाक-ल्वी लियाँस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाच्या निष्कर्षांतील एक बाब विशेष उद्‌बोधक आहे. ज्या आकडेमोडीत हा दोष उद्‌भवला, तिचा एरियान ५ ने जमीन सोडल्यानंतर काहीच उपयोग नव्हता. उलटगणती ऐन वेळी थांबल्यास ती लवकर पुन्हा सुरू करता यावी, या पूर्वीच्या अग्निबाणांच्या गरजेपोटी ती आकडेमोड उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवण्यात आली होती. एरियान ५ ला ही गरज नव्हती. तरी चालत आलेले सॉफ्टवेअर बदलू नये, या विचाराने ती तशीच राहिली. नव्या मार्गाची आकडेवारी देऊन या यंत्रणेची चाचणीही घेण्यात आली नव्हती. म्हणजे आज्ञावली जुन्या कामासाठी बरोबरच होती. नव्या कामासाठी तिची पुन्हा परीक्षा घेण्याचे राहून गेले.

याहून दुःखद उदाहरण थेरॅक-२५ या कर्करोगावरील प्रारण-उपचार यंत्राचे आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे या यंत्रामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रारणमात्रा मिळाली व त्यांपैकी काही दगावले. या यंत्रातील सॉफ्टवेअरचा काही भाग आधीच्या यंत्रांवरून घेतलेला होता. थेरॅक-२० या पूर्वीच्या यंत्रातही यांपैकी एक दोष होता, असे नंतर आढळून आले. परंतु त्या यंत्रात स्वतंत्र विद्युत्‌ संरक्षक मंडले असल्याने दोष उद्‌भवला तरी रुग्णाला इजा होत नसे. थेरॅक-२५ मध्ये ही मंडले काढून संपूर्ण भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवण्यात आली. जुन्या आज्ञावलीचा ‘निर्दोष’ लौकिक वस्तुतः तिचा नव्हता, तिच्या भोवतीच्या यंत्रणेचा होता. एखादा घटक अनेक वर्षे बिनतक्रार चालला, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे अनुमान काढता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

अवलंबित्व : तयार घटक घेणे म्हणजे त्याच्या निर्मात्याशी दीर्घकाळचा संबंध जोडणे होय. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या एनपीएम या घटकसंग्रहातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा ११ ओळींचा घटक त्याच्या लेखकाने काढून घेतला. शब्दाच्या डावीकडे ठराविक जागा भरणे एवढेच त्याचे काम होते. तरीही तो अप्रत्यक्षपणे हजारो प्रकल्पांत वापरलेला असल्याने, पुन्हा उपलब्ध करून देईपर्यंत ते प्रकल्प अडून बसले. जे काम काही मिनिटांत स्वतः लिहिता येते, त्यासाठी बाहेरच्या घटकावर विसंबावे का, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

ओपनएसएसएल हा गुप्तलेखनाचा संग्रह दोन वेगळे धडे देतो. २००६ मध्ये डेबियन प्रणालीच्या जुळणीत या संग्रहातील काही आज्ञा निरुपयोगी समजून वगळण्यात आल्या. त्या आज्ञांवरच किल्ल्यांची अनिश्चितता अवलंबून होती. त्यामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या मोजक्याच संभाव्य संख्यांपुरत्या मर्यादित झाल्या; ही गोष्ट मे २००८ मध्ये उघडकीस आली. हा न समजता केलेल्या फेरफाराचा परिणाम होता. एप्रिल २०१४ मध्ये याच संग्रहात ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. त्यामुळे बाहेरच्या व्यक्तीला सेवासंगणकाच्या स्मृतीतील गोपनीय भाग वाचता येत असे. आंतरजालावरील असंख्य व्यवहार ज्या संग्रहावर विसंबून होते, त्याची देखभाल हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच व्यक्ती तुटपुंज्या साहाय्यावर करीत होत्या, हे या निमित्ताने जगाला कळले.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या संग्रहातील गंभीर दोष उघड झाला. तेव्हा आपल्या कोणत्या प्रणालीत तो वापरला आहे, हेच अनेक संस्थांना सांगता येईना. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या माहिती-संपीडनाच्या संग्रहात हेतुपुरस्सर घातलेली चोरवाट आढळली. ती घालणाऱ्याने दीर्घकाळ उपयुक्त काम करून देखभाल करणाऱ्याचा विश्वास संपादन केला होता. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकला व त्याचा माग काढताना हा प्रकार उघडकीस आला. घटकांच्या याद्या ठेवण्याची प्रथा अशा घटनांमुळे रूढ होऊ लागली आहे.

परवान्याच्या अटी हाही अवलंबित्वाचाच भाग होय. काही परवाने केवळ मूळ लेखकाचा निर्देश मागतात. जीएनयू सार्वजनिक परवान्यासारखे परवाने मात्र घटक समाविष्ट असलेली आज्ञावली इतरांना देताना तिच्या मूळ आज्ञाही त्याच अटींवर खुल्या करण्याचे बंधन घालतात.

स्वतंत्र रचनेचे स्थान : उपलब्ध उपायांपैकी कोणताही समस्येच्या गाभ्याला भिडत नसेल, तर स्वतंत्र रचनेला पर्याय नसतो. लिनक्सच्या विकासासाठी वापरली जाणारी आवृत्ती-व्यवस्थापन प्रणाली विनामूल्य वापरण्याची सवलत एप्रिल २००५ मध्ये संपुष्टात आली. उपलब्ध खुल्या प्रणाली लिनक्सच्या प्रचंड व्यापाला पुरेशा वेगवान नाहीत, असे आढळल्यावर लीनुस टॉरव्हाल्ड्‌स यांनी ‘गिट’ ही नवी प्रणाली लिहावयास घेतली व काही दिवसांतच ती स्वतःच्याच आवृत्त्या सांभाळू लागली. तीत नवीन होती ती इतिहास साठविण्याची मूळ कल्पना. माहितीच्या संपीडनासाठी झेडलिब हा तयार संग्रह आणि प्रत्येक नोंदीची ओळख पटविण्यासाठी एसएचए-१ ही प्रस्थापित रीतीच वापरली होती. नावीन्य जेथे आवश्यक होते तेथेच ते खर्च करून बाकी सर्व उसने घेण्याचा हा विवेक उत्तम रचनांमध्ये नेहमी दिसून येतो.

पुनर्वापरासाठी योग्य असा घटक तयार करणे हेदेखील स्वतंत्र व खर्चाचे काम आहे. फ्रेडरिक ब्रुक्स (१९३१–२०२२) यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिलेल्या स्थूल अंदाजानुसार, स्वतःपुरत्या आज्ञावलीपेक्षा इतरांना वापरता येईल अशी, सर्वांगांनी तपासलेली व लेखी माहितीसह दिलेली आज्ञावली तयार करण्यास तिप्पट, तर ती मोठ्या प्रणालीचा घटक म्हणूनही वापरावयाची असल्यास नऊपट खर्च येतो. म्हणून भविष्यातील काल्पनिक गरजांसाठी आधीच सर्वसमावेशक घटक घडविणे व्यर्थ ठरू शकते. एकच गरज दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष आढळल्यावर तिचा सामाईक भाग वेगळा काढणे इष्ट असते.

निवडीचे निकष : निवड करताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात. (१) समस्या सर्वसामान्य आहे की या कामाचेच ते वैशिष्ट्य आहे. सर्वसामान्य भाग बाहेरून घ्यावा, वैशिष्ट्य स्वतः घडवावे. (२) चूक झाल्यास ती ध्यानात येईल काय. गुप्तलेखन, तारीख-वेळेची गणिते व संख्यात्मक आकडेमोड यांतील चुका सहज दिसत नाहीत, म्हणून तेथे प्रस्थापित घटक श्रेयस्कर. (३) घटक कोणत्या परिस्थितीसाठी लिहिला गेला आणि आपली परिस्थिती तिच्यात बसते काय. याची खात्री आपल्याच आकडेवारीने चाचणी घेऊन करावी. (४) त्याची देखभाल कोण करते व ती थांबल्यास काय करता येईल. (५) घटकातून हवा तो भाग किती व नको तो भाग किती. नको असलेला भागही एरियानप्रमाणे घातक ठरू शकतो. (६) घटक पुढे बदलावा लागल्यास तो प्रणालीतील किती ठिकाणी पसरलेला असेल. तो एकाच सीमेआड ठेवणे हितावह असते.

शिक्षण व आजची परिस्थिती : क्रमवारी लावणे, द्विभाजन रीतीने शोध घेणे यांसारखी सुटलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून पुन्हा सोडवून घेतली जातात, ती नव्या आज्ञावलीची गरज आहे म्हणून नव्हे. ज्याने एखादी रीती एकदा तरी स्वतः लिहून पाहिली आहे, त्यालाच तयार घटकाच्या मर्यादा ओळखता येतात. २०२१ नंतर भाषा-प्रतिमानांवर आधारित साधने मागणीप्रमाणे आज्ञावली लिहून देऊ लागल्याने हा मुद्दा अधिक निकडीचा झाला आहे. अशी आज्ञावली पूर्वीच्या असंख्य आज्ञावल्यांच्या अभ्यासातून आलेली असली, तरी तिच्यामागे जुन्या संग्रहाप्रमाणे अनेकांच्या वापराचा अनुभव नसतो आणि ती स्वतंत्रपणे लिहिताना होणारा विचारही वापरणाऱ्याने केलेला नसतो. म्हणून तिची तपासणी दुहेरी काळजीने करावी लागते.

पुनर्वापराने लिहिण्याचे श्रम वाचतात, विचाराचे वाचत नाहीत. फक्त विचाराचा विषय बदलतो. ‘हे कसे करावयाचे’ या प्रश्नाऐवजी ‘हे कोणत्या अटींवर बरोबर आहे’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. केंब्रिजच्या कपाटातील फीत वापरणाऱ्यालाही हा प्रश्न टाळता येत नव्हता आणि आजही तो टाळता येत नाही.